बाप्तिस्मा देणाऱ्याचे पद

आधी माफी मागतो. या विषयावर लिहावं इतका मी कोणी नाही. मी पाळक नाही, बायबल कॉलेजात शिकलेलो नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. लिहायला बसलो की अजून वाटतं, हे आपलं काम नव्हे, कोणीतरी येऊन उठवील. पण ज्यांच्यामुळं ही गोष्ट मला कळली त्यांचे आभार तोंडानं मानायला मला जमलं नाही. म्हणून लिहितो. काही चुकलं तर ते माझं समजा, त्यांचं नाही.

तर एका सोमवारी सकाळी कडूबाई नावाच्या एक मावशी सभासद व्हायला ऑफिसात आल्या तेव्हा प्रिंटरमध्ये कागद अडकला होता आणि मी तो ओढत होतो.

मी संभाजीनगरात आमच्या बाप्टिस्ट मंडळीच्या ऑफिसात अर्धवेळ क्लार्क आहे. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. इमारत नव्हे, माणसं. सकाळी आठ ते बारा ऑफिस, दुपारी कॉलेज. पत्रं टाइप करायची, हजेरी लिहायची, नव्या सभासदांचे फॉर्म भरायचे. शहर वाळूजच्या अंगानं वाढत चाललंय, तसे फॉर्मही वाढलेत. कोणाच्या मुलाला कंपनीत काम लागतं, मग मागून आईवडील येतात.

सभासद एका गावाहून दुसरीकडं गेला की जुनी मंडळी नव्या मंडळीला पत्र देते. त्याला आम्ही ट्रान्सफर लेटर म्हणतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखंच ते. मी कडूबाईंना तेच विचारलं.

“मावशी, जुन्या मंडळीचं पत्र आणलंय का?”

“कोण देईल पत्र? दुष्काळात समदे पांगले. देवळाला कुलूप हाय. आत चिमण्या हायेत, त्यांच्याकडून आणू का?”

देऊळ म्हणजे तिथलं चर्च. त्यांचं गाव म्हणजे देवगाव रंगारीच्या पुढं आत गेल्यावर लागणारी एक वस्ती. मी विचारलं, “बरं, बाप्तिस्मा कधी झाला?”

“त्याच दुष्काळात.”

“कोणी दिला?”

“गुलाब मास्तरनं.”

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव व पद. नाव मी लिहिलं. पद काय लिहावं कळेना. “मास्तर काय करायचे?”

“शाळंत शिकवायचे. पहिली ते चौथी.”

रकाना रिकामा ठेवायचा नाही, असं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: प्राथमिक शिक्षक. कडूबाईंनी अंगठा दिला. काम चोख झालं असं मला वाटलं.

अकरा वाजता पाळकसाहेबांनी आत बोलावलं. ते आमच्याकडं नवीन होते. स्वभावानं चांगले, पण कागदाला फार जपणारे.

“सुशील, हे काय? प्राथमिक शिक्षक?”

“हो सर. पहिली ते चौथी.”

“मी वर्ग नाही विचारत रे. याला दीक्षा होती का?”

इथं थोडं समजावून सांगतो. आमच्यात दोनच विधी आहेत. एक बाप्तिस्मा. तो लहान बाळाला देत नाहीत. माणूस मोठा होऊन स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगतो, मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. आयुष्यात एकदाच. दुसरा प्रभुभोजन. त्यात भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्या सगळ्या सभासदांत वाटतात. आमच्याकडं ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. हे दोन्ही विधी बहुतेक वेळा पाळक चालवतात. आणि पाळक व्हायचं तर दीक्षा लागते. म्हणजे माणूस पारखून, प्रार्थना करून, त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला कामाला लावणं.

“दीक्षा नसेल, सर,” मी म्हणालो.

“मग हा बाप्तिस्मा कसा धरायचा? उद्या कोणीही उठून कोणालाही पाण्यात बुडवील. तिला सांग, महिनाअखेर टाकी भरतोय. पुन्हा घ्यावा लागेल.”

टाकी म्हणजे व्यासपीठाखालचा हौद. फळ्या काढल्या की दिसतो. मी बाहेर येऊन बाकावर थांबलेल्या कडूबाईंना सांगितलं. आनंदाची बातमी द्यावी तसंच सांगितलं. मला काय कळत होतं?

त्यांनी हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाल्या, “परत?”

“हो मावशी. फक्त दहा मिनिटांचं काम.”

“पोरा, एकदा मेले, एकदा उठले. परत कशी मरू?”

पाण्याखाली जाणं म्हणजे जुनं आयुष्य मेलं आणि वर येणं म्हणजे नवं उठलं, असा त्या विधीचा अर्थ आहे. मी तो कितीतरी वेळा पत्रकात टाइप केला होता. तो असा कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

“आणि आमचे मालक?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी ते माझ्या पुढं उतरले होते पाण्यात. गेले ते, दोन साल झालं. माझं खोटं तर त्यांचंबी खोटं. माझं परत करशील. त्यांचं कोण करील?”

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. कडूबाई आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या. भाकरीचं ताट फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर धरून ठेवलं आणि काही न घेता शेजारणीकडं दिलं. मी समोरच्या बाजूला हजेरीचं रजिस्टर घेऊन उभा होतो. त्या दिवशी माझी हजेरी दोन ठिकाणी चुकली.

आमच्या मंडळीचे सेक्रेटरी थोरातकाका. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. माझं कॉलेज सुटता सुटता वाचलं ते त्यांच्यामुळं. ही नोकरी त्यांनीच लावून दिली आणि सकाळची वेळही त्यांनीच ठरवली, लेक्चर बुडू नये म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म मागितला, चष्मा वर केला आणि हसले.

“प्राथमिक शिक्षक! बरं झालं, पगारबी नाय लिहिला.”

“काका, मी चुकलो का?”

“खोटं नाय लिहिलंस. अर्धं लिहिलंस. मला सांग, मी तीस वर्षं तिकिटं फाडली. बस माझी होती का?”

“नाही.”

“महामंडळाची. मी रजेवर असलो की दुसरा यायचा. त्यानं फाडलेलं तिकीट खोटं?”

“नाही.”

“का नाय?”

“त्याला ड्युटी लावलेली असायची.”

“व्हय. तसंच हे. बाप्तिस्मा काय पाळकाच्या खिशात नसतो. भाकर पण त्याच्या घरची नाय. हे विधी मंडळीचे. मंडळी ज्याला ड्युटी लावील तो चालवील. एरवी पाळकालाच लावते, कारण त्याच कामाला त्याला आणलेलं असतं. पण पाळक नसला तर मंडळी काय उपाशी बसती का?”

मग त्यांनी कपाटातून मंडळीची घटना काढली. घटना म्हणजे आमची नियमांची पुस्तिका. त्यात एक कलम होतं: विधी मंडळीने नेमलेला पाळक चालवील, पाळक उपलब्ध नसल्यास मंडळी ठराव करून योग्य सभासदास नेमील. ही पुस्तिका मी दोनदा झेरॉक्स केलेली होती. वाचली नव्हती.

आम्ही दोघं पाळकसाहेबांकडं गेलो. काकांनी बस आणि तिकीट पुन्हा सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

“पटतं काका. पण बिनड्युटीचा माणूस गळ्यात बॅग अडकवून बसमध्ये चढला तर?”

“तर तो लफंगा. म्हणून तर ड्युटी लिस्ट बघायची.”

“मग दाखवा लिस्ट. त्या वस्तीवरच्या मंडळीनं मास्तरांना नेमल्याचा ठराव आणा. मी दुसरं काही मागत नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आणि नाही सापडला तर?”

“तर टाकी भरू, सर,” मी म्हणालो.

शनिवारी कॉलेजला दांडी मारून मी वैजापूरची बस धरली. निवृत्त झाल्यावर गुलाब मास्तर तिथं मुलीकडं राहत होते, मार्केट यार्डाच्या मागं. गल्लीभर कांद्याचा वास. मास्तर ओट्यावर बसलेले. अंगावर इस्त्रीचा सदरा. मी कुठून आलो ते सांगितलं. कडूबाईंचं नाव काढलं तसे ते ताठ बसले.

“मी चुकलो होतो का?” त्यांनी विचारलं.

पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी त्यांनी हे विचारलं. म्हणजे हा प्रश्न त्यांच्याकडं आधीपासूनच होता.

मी म्हणालो, “सर, मी क्लार्क आहे. मला फक्त ठराव पाहिजे.”

त्यांनी सांगितलं ते असं. त्या साली वस्तीवरचे पाळक आजारी पडून शहरातल्या दवाखान्यात होते. पाच जणांची बाप्तिस्म्याची तयारी त्यांनी स्वतः करून घेतली होती. वस्तीवर पाणी नाही, काम नाही. माणसं निघायला लागली होती. पंधरा दिवसांत मंडळी अर्धी झाली असती. पांगायच्या आधी या पाच जणांना आत घ्यावं आणि एकदा सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन करावं, असं जुन्या माणसांना वाटत होतं.

“मी नको म्हणत होतो,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, मी मास्तर माणूस. मला पाढे येतात, हे नाय येत. तर म्हातारे म्हणाले, तुला विचारत नाय, सांगतोय.”

“मग ठराव झाला?”

“झाला ना. हात वर करून झाला.”

“सभेच्या मिनिटबुकात लिहिला?”

“मिनिटबुक देवळात, देवळाला कुलूप, किल्ली पाळकांच्या खिशात आणि पाळक दवाखान्यात. सभा टँकरपाशी झाली. दुसरीकडं सगळे एका जागी सापडत कुठं होते? टँकरच्या रांगेत मात्र एकूण एक माणूस हजर. हातात पाळीची वही होती. तिच्यातच लिहिलं.”

पाळीची वही म्हणजे पाण्याचा नंबर कोणाचा ते लिहायची वही. ती मास्तर लिहायचे, कारण ते स्वतःचं घर रांगेत पुढं घालणार नाहीत, असा लोकांचा भरवसा होता.

“वही कुठं आहे, सर?”

“जनाबाईकडं असेल. रांग तीच सांभाळायची. मी लिहायचो, ती ओरडायची.”

वैजापूरहून मी देवगाव रंगारीला आलो आणि तिथून एका मोटरसायकलवाल्यानं मला वस्तीवर सोडलं. जनाबाई धनगराच्या. घरापुढं मेंढ्यांचा वाडा. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, त्यांचा आमच्या विधींशी काही संबंध नाही. मी वहीचं विचारलं तशा त्या आत गेल्या आणि धान्याच्या कोठीमागून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शंभर पानी वही घेऊन आल्या.

“ठेवली का इतकी वर्षं?” मी विचारलं.

“लई भांडणं मिटवली हिनं. टाकवंना. परत दुष्काळ पडला तर लोक म्हणतील, मागल्या खेपेला आमचा नंबर पहिला होता. दाखवायला नको?”

“त्या दिवशीची सभा आठवते का तुम्हाला?”

“न आठवायला काय? तुमची मानसं रांगेतच गोल करून बसली. म्हटलं, काय चाललंय? मास्तर म्हणं, ठराव चाललाय. म्हटलं, खुशाल ठरवा, पण हंडे रांगेतून हलवू नका. मग एकदम सगळ्यांनी हात वर केले. मला वाटलं टँकर दिसला. मी बी केला.”

“तुम्ही पण?”

“मग काय! मास्तर म्हणं, जनाबाई, तुमचा हात धरत नाय. म्हटलं, नका धरू.”

पान सापडलं. एका बाजूला नावं, नावांपुढं हंड्यांच्या खुणा. मग पान उलटलं की मास्तरांचं शाळेतलं वळणदार अक्षर. मंडळीचे अकरा सभासद हजर. पाळकसाहेब आजारी असल्याने गुलाब मास्तर यांनी तयारी झालेल्या पाच जणांना बाप्तिस्मा द्यावा आणि त्या रविवारी प्रभुभोजन चालवावे, असे सर्वांनी ठरवले. पाचांची नावं. त्यात कडूबाई आणि त्यांचे मालक. खाली चार सह्या आणि सात अंगठे. त्याखाली एक ओळ: टँकर आला. सभा संपली.

पाणी कुठलं होतं, तेही मी विचारलं. दुष्काळात माणूस बुडेल एवढं पाणी कुठून आणलं? जनाबाईंनी टेकडीकडं बोट दाखवलं. शहरातल्या इमारतींसाठी खडी काढायला तिथं खदान खणली होती. खणता खणता तळाशी पाणी लागलं. पिण्याजोगं नव्हतं. बुडण्याजोगं होतं.

मी म्हणालो, “मी या पानाचा फोटो काढतो.”

“वहीच ने. फोटोला कोण मानतंय? पण परत आण. आणि थांब.” त्या पुन्हा आत गेल्या आणि एक पितळी हंडा घेऊन आल्या. “हा कडूचा. गाव सोडताना माझ्याकडं ठेवून गेली. तिला म्हणावं, घासून ठेवलाय.”

असा मी वही पिशवीत आणि हंडा मांडीवर घेऊन शहरात परत आलो. सोमवारी थोरातकाकांनी ऑफिसच्या दारातच हंडा बघितला.

“लगेजचं तिकीट काढलं होतंस का?”

“कंडक्टरनं मागितलं नाही, काका.”

“कसले कंडक्टर भरतात आजकाल,” ते म्हणाले आणि वही घेऊन आत गेले.

पाळकसाहेबांनी पान वाचलं. शेवटच्या ओळीवर ते मोठ्यानं हसले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि हसले नाहीत. अंगठ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, मोजल्यासारखं.

“माझ्या दीक्षेच्या कागदावर पण याहून वेगळं काय आहे?” ते म्हणाले. “सह्याच आहेत. माझ्या डोक्यावर हात ठेवले, ते हात पण मंडळ्यांनीच पाठवलेले होते. मी ते विसरून पदच बघत बसलो. चूक माझी आहे, काका.”

“मग कडूबाईंना सांगू का, सर?” मी उतावीळपणे विचारलं.

“नको. मी एकट्यानं ‘नाही’ म्हणालो, ती चूक झाली. आता एकट्यानं ‘हो’ म्हणालो तर तीच चूक दुसऱ्यांदा. मंडळीसमोर ठेवू. रविवारी.”

आणि रविवारी माझा पेपर होता. सरकारी भरतीचा, सेंटर जालन्याला. फॉर्म भरला होता, हॉलतिकीट आलं होतं. मी काकांना म्हटलं, पेपर सोडतो. ते भडकले.

“तुझ्या हाताची काय गरज हाय तिथं? एवढे हात हायेत. गप पेपरला जा.”

फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून मी तो घरीच ठेवला होता. पेपर बरा गेला की वाईट, मला सांगता येणार नाही. एका प्रश्नात टाकी किती वेळात भरेल असं विचारलं होतं. मी बराच वेळ नुसता त्या शब्दाकडं बघत बसलो.

या सगळ्यातून मी ऑफिसच्या कामापुरतं एवढंच शिकलो: माणसाचं पद विचारायच्या आधी त्याला कोणी पाठवलं ते विचारावं. तो रकाना आता मी बदलून घेतलाय. बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव, आणि कोणत्या मंडळीने नेमले. यासाठी मी थोरातकाकांचा, मास्तरांचा आणि जनाबाईंचा ऋणी आहे. पाळकसाहेबांचाही. मोठ्या माणसानं माझ्यासमोर चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. हंडा कडूबाईंना पोचवला आणि वही मी परत नेऊन दिली. जनाबाईंनी पानं मोजून घेतली.

त्या रविवारी पेपर सुटल्यावर जालन्याच्या स्टँडवर एका दुकानदाराला विनंती करून मी काकांना फोन लावला. पहिल्या दोन वेळा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

“काका, काय झालं?”

“पेपर कसा गेला आधी सांग.”

“काका!”

“झालं. समदे हात वर. एकानं नुसतं विचारलं, पाणी पुरेसं होतं का? तर कडूबाई उठून म्हणाली, पुरेसं म्हणजे? मालक माझे सहा फूट, पुरते दिसेनासे झाले होते. मग कोणी काही विचारलं नाय.”

“आणि साहेब?”

“साहेबांनी तुझा तो फॉर्म मागवला. स्वतःच्या पेनानं प्राथमिक शिक्षक खोडलं अन् लिहिलं, मंडळीने नेमलेले. खाली सही. मग म्हणाले, आज महिन्याचा पहिला रविवार नाय, पण मंडळीची हरकत नसेल तर आजच प्रभुभोजन करू. कोणाची हरकत नव्हती.”

दुकानदार हातानं खुणावत होता, आटप म्हणून. मी घाईत विचारलं, “मास्तरांना कळवलं का?”

“मघाशीच लावला फोन. सगळं सांगितलं. ठराव मान्य झाला, सगळ्यांनी हात वर केले, कागदावर लिहिलं. तर त्यांनी हळूच एवढंच विचारलं, कडूबाईनं भाकर घेतली का?”

“मग?”

“म्हटलं, घेतली मास्तर. ते म्हणाले बरं, अन् ठेवला फोन.”